दोन सूत नळी

पुणे-नगर रस्त्यानं शिरूरकडं निघालं की रांजणगावच्या महागणपतीचं देऊळ लागतं. तिथून जवळच एमआयडीसी पसरलेली आहे. एलजी, व्हर्लपूल आणि हायर या तिन्ही कंपन्यांचे कारखाने याच वसाहतीत आहेत आणि देशभर जाणारे फ्रीज तिथं तयार होतात. शिरूर-दौंड पट्ट्यातली कितीतरी मुलंमुली आयटीआय करून अशाच कारखान्यांच्या पाळीवर जातात. ज्या तालुक्याच्या मातीत फ्रीज बनतो, त्या तालुक्यात फ्रीजच्या पाठीमागं काय असतं हे मात्र घरातल्या फारच थोड्या माणसांना ठाऊक असतं.

या प्रकरणात आपण त्या पाठीमागच्या बाजूला जाणार आहोत. तिथं भिंतीतून निघालेला एक छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला जोडलेली बोटाहून बारीक नळी असते. तिचं माप पाव इंच. सुतार आणि फॅब्रिकेशनवाले एका इंचाचे आठ सूत धरतात, त्या हिशेबानं ही दोन सुती नळी. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर बाहेरून ६.३५. थंड पाणी आणि बर्फ दारातूनच देणाऱ्या मोठ्या फ्रीजला हीच नळी लागते आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या आरओ फिल्टरलाही हीच. नळाला जोडलेला फ्रीज आपल्याकडं अजून मोजक्याच घरांत आहे, आरओ मात्र वाडीवस्तीपर्यंत पोचला आहे. म्हणून पुढं जे सांगतो आहे ते दोन्ही घरांनी वाचावं.

रानातलं ज्ञान घरात

या भागातल्या शेतकऱ्याला ही नळी समजावून सांगायला फार वेळ लागत नाही, कारण त्याच्या रानात हाच संसार मोठ्या मापात मांडलेला असतो. विहिरीवरची मोटर, मग फिल्टर, मग मेन लाइन, सबमेन, प्रत्येक प्लॉटचा व्हॉल्व्ह, १६ मिलिमीटरच्या लॅटरल आणि शेवटी ड्रिपर. ठिबक बसवलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल : गेजवर एक किलो प्रेशर पाहिजे, फिल्टर आठवड्याला धुतला पाहिजे, लॅटरलची टोकं सोडून पाणी वाहवलं पाहिजे, क्षार साचले की ॲसिड सोडलं पाहिजे आणि उंदरानं लॅटरल कुरतडली का हे फिरून बघितलं पाहिजे. लाइन फुटली तर तो आधी फुटलेल्या जागेकडं पळत नाही, व्हॉल्व्हकडं जातो.

घरातल्या फ्रीजमागंही हेच सगळं आहे. टाकी म्हणजे विहीर, अँगल कॉक म्हणजे प्लॉटचा व्हॉल्व्ह, दोन सुती नळी म्हणजे लॅटरल आणि फ्रीजमधला फिल्टर म्हणजे स्क्रीन फिल्टर. फरक इतकाच की रानातली लाइन डोळ्यांसमोर असते आणि ही फ्रीजच्या आड, भिंतीला लागून, वर्षानुवर्षं अंधारात असते. ठिबकची लाइन पाळी संपली की बंद होते, ही नळी मात्र रात्रंदिवस भरलेली राहते. जिच्यावर सतत दाब आहे आणि जिच्याकडं कुणी बघत नाही, तीच एक दिवस दगा देते.

पाण्याचा प्रवास

गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येतं आणि स्वयंपाकघरात भिंतीतल्या अर्ध्या इंची तोंडाशी थांबतं. तिथं अँगल कॉक. त्याच्यापुढं अर्ध्या इंचावरून पाव इंचावर आणणारा छोटा व्हॉल्व्ह. मग नळी. ती फ्रीजच्या मागं खालच्या कोपऱ्यात शिरते आणि तिथं पाण्याला विजेवर चालणारा एक दरवाजा भेटतो, सोलेनॉइड व्हॉल्व्ह.

या दरवाज्याचं काम बघण्यासारखं आहे. आत रबराचा एक पातळ पडदा असतो. मागून येणाऱ्या पाण्याचा दाबच त्या पडद्याला छिद्रावर घट्ट दाबून धरतो, म्हणून दरवाजा बंद राहतो. आपण दारावरचं बटण दाबलं की तांब्याच्या वेटोळ्यातून वीज जाते, त्यातली लोखंडी कांडी उचलली जाते, पडद्यामागचा दाब सुटतो आणि पाणी पुढं वाहतं. बोट काढलं की दाब परत येतो आणि पडदा बसतो. वीज फक्त उघडण्यापुरती लागते. बंद करण्याचं काम पाणी स्वतःच करतं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पाण्याला पुरेसा दाब नसेल तर दरवाजा नीट बसणारच नाही. मग बर्फाच्या खणात थेंब थेंब पाणी पडत राहतं, बर्फाचे तुकडे एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं किंवा आत पाणी घेणारी नळीच गोठून बसते. गिऱ्हाईक म्हणतं फ्रीज बिघडला. फ्रीज ठीक असतो, दाब कमी असतो.

एक किलो म्हणजे किती?

दाबाचा हिशेब सोपा आहे. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम. नळाला जोडायच्या फ्रीजच्या पुस्तिकेत किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. सर्रास आढळणारी मर्यादा २० ते १२० पीएसआय अशी आहे. आपल्या भाषेत ती सुमारे १.४ ते ८.४ किलो. काही कंपन्या किमान दाब याहूनही जास्त मागतात.

आता शिरूरमधलं किंवा दौंडमधलं एक साधं बैठं घर घ्या. स्लॅब दहा फुटांवर, त्यावर तीन-चार फुटांचा कट्टा आणि कट्ट्यावर टाकी. फ्रीजमागचं तोंड जमिनीपासून वीतभर उंच. म्हणजे पाण्याची उंची जेमतेम चार मीटर आणि दाब ०.४ किलो. लागतो १.४, मिळतो ०.४. तेवढा दाब नुसत्या टाकीवर मिळवायचा तर टाकी चौदा मीटर उंच हवी, म्हणजे सुमारे चार मजले वर. पाच मजली इमारतीत तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला तो सहज मिळतो आणि टाकीखालच्याच मजल्यावर राहणाऱ्याला मिळत नाही.

म्हणून असा फ्रीज घेण्याआधी टाकी किती उंच आहे ते मोजा. बैठ्या घरात तो चालवायचा तर टाकीच्या आउटलेटवर प्रेशर पंप बसवावा लागतो. तो बसवायचा नसेल तर ज्या फ्रीजमध्ये पाण्याचा छोटा डबा आतच असतो आणि तो हातानं भरायचा असतो, तो घ्यावा. त्याला नळी नाही, व्हॉल्व्ह नाही आणि गळतीही नाही. आपल्या भागातल्या बहुतेक बैठ्या घरांसाठी मी हाच फ्रीज सुचवेन.

आरओची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या पडद्यातून पाणी ढकलायला बराच दाब लागतो, पण त्यासाठी मशिनीत स्वतःचा छोटा पंप असतो, म्हणून तो बैठ्या घरातही चालतो. मात्र भिंतीवरच्या आरओच्या टाकीतलं पाणी फक्त स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. त्यामुळं त्या टाकीची नळी थेट फ्रीजला जोडून काम होत नाही. मध्ये दाबाची टाकी किंवा छोटा पंप लागतो.

इथलं पाणी

शिरूर घोड नदीच्या काठी वसलं, म्हणून जुनी माणसं गावाला अजून घोडनदीच म्हणतात. दौंड भीमेच्या काठी. नदीचं पाणी, कालव्याच्या आवर्तनाचं पाणी, विहिरीचं आणि बोअरचं पाणी, हे सगळं इथल्या घरांत आलटून पालटून येतं आणि प्रत्येकाची चव निराळी असते. खाली काळा बेसॉल्ट खडक आहे. त्याच्या फटींतून मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येतं. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. ही रेघच व्हॉल्व्हच्या आत बसते.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००. त्यानुसार विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. कठीणपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. फ्रीजमध्ये जो फिल्टर असतो तो बहुतेक कार्बनचा. तो क्लोरीनचा वास काढतो, गाळ थोपवतो, पण विरघळलेले क्षार काढत नाही. म्हणजे बोअरचं जड पाणी फ्रीजला जोडलं तर फिल्टर असूनही ते जडच राहतं आणि सोलेनॉइडच्या रबरी पडद्यावर क्षारांचा थर बसतो. ठिबकचा ड्रिपर ज्या कारणानं चोंदतो, त्याच कारणानं हा दरवाजा अडकतो. पाणी जड असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, मग नळी.

व्हॉल्व्ह कोणता?

पाणी अडवणारी साधनं घरात चार प्रकारची सापडतात.

पहिला गेट व्हॉल्व्ह. टाकीच्या आउटलेटवर लाल चाक असलेला पितळी व्हॉल्व्ह असतो तो. चाक फिरवलं की आत पातळ दरवाजा खालीवर होतो. वर्षभर न हलवलेला गेट व्हॉल्व्ह क्षारांनी धरून बसतो आणि जोर लावला तर आतली दांडी तुटते. पाणी बंद झाल्यासारखं वाटतं, पण होत नाही.

दुसरा वायसरचा कॉक. फिरवत फिरवत आवळायचा. वायसर झिजला की कितीही आवळा, धार बारीक होते, थांबत नाही.

तिसरा बॉल व्हॉल्व्ह. आत भोक असलेला गोळा. दांडी नळीच्या रेषेत असली की पाणी चालू, आडवी असली की बंद. पाव वळणात काम होतं आणि चालू आहे की बंद हे लांबून दिसतं. फ्रीजसाठी आणि आरओसाठी हाच घ्यावा, पितळी घ्यावा. प्लास्टिकची दांडी असलेला स्वस्तातला व्हॉल्व्ह दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दांडीशीच पाझरू लागतो.

चौथा सॅडल व्हॉल्व्ह. हा अमेरिकेतून आलेला प्रकार. चालू पाइपला पट्टा आवळायचा आणि स्क्रू फिरवून सुईनं पाइपला भोक पाडायचं. बसवायला दहा मिनिटं लागतात. पण भोक बारीक असल्यामुळं जड पाण्यात ते लवकर बुजतं आणि पट्ट्याखालचं रबर सुकलं की तिथूनच गळती सुरू होते. तिथल्याही कित्येक ठिकाणच्या नियमांत त्याला मनाई आहे. ऑनलाइन मागवलेल्या किटमधून तो आला तर बाजूला ठेवा आणि टी टाकून वेगळा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या.

नळी कोणती?

नळीत मुख्य चार प्रकार : पांढरी प्लास्टिकची, पेक्स नावाच्या जास्त चिवट प्लास्टिकची, तांब्याची आणि बाहेरून स्टीलची जाळी विणलेली. पांढरी नळी स्वस्त आहे आणि आरओवाल्याकडं हमखास मिळते, पण ती तीव्र वळणावर मोडते आणि उंदीर ती कुरतडतो. ज्या घराच्या मागं उसाचं रान किंवा धान्याची खोली आहे तिथं हा धोका खरा आहे. तांब्याची नळी उंदराला दाद देत नाही, पण फ्रीज दोनचारदा ओढला-ढकलला की वाकलेल्या जागी चिरते. जाळीची नळी महाग पडते, पण वाकते, चिरडत नाही आणि दात लागू देत नाही. फ्रीजमागं मी तीच पसंत करतो.

एक चूक इथं आवर्जून सांगायला हवी, कारण ती आपल्याच भागात होण्याजोगी आहे. घरात ठिबकची उरलेली मायक्रोट्यूब पडलेली असते, दिसायला नळीसारखीच, म्हणून ती जोडावीशी वाटते. जोडू नये. ती पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नसते. शिवाय तिचं माप मिलिमीटरमध्ये असतं. ६ मिलिमीटरची नळी ६.३५ च्या कनेक्टरमध्ये शिरते, धरल्यासारखी वाटते आणि मग रात्री दाब वाढला की निसटते. पाव मिलिमीटरहून थोडासा जास्त फरक, पण आतल्या रबरी कड्याला तोच फरक सांभाळता येत नाही. दुकानात नळीवर छापलेलं माप वाचा आणि ती पिण्याच्या पाण्यासाठीची, फूड ग्रेड आहे का ते विचारा.

थेंबाचा हिशेब

सेकंदाला एक थेंब गळतो असं धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला चार लिटरहून जास्त, महिन्याला सुमारे १३० लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर. हे पाणी फ्रीजखाली, फरशीच्या सांध्यात आणि भिंतीत मुरतं. फ्रीजच्या पायांना गंज चढतो आणि शेजारच्या कपाटाचा प्लायवूड फुगतो.

नळी निसटली तर? बैठ्या घरातल्या चार मीटर दाबावर, दोन-तीन मीटर लांबीच्या या नळीतून मिनिटाला साधारण लिटर-दीड लिटर पाणी येतं. ऐकायला थोडं वाटतं. पण रात्री दहाला निसटलेली नळी पहाटेपर्यंत ५०० लिटरची टाकी रिकामी करते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ती टाकी म्हणजे त्या घराचा दोन दिवसांचा संसार असतो.

बदलण्याचं काम

आता प्रत्यक्ष काम. सामान आधी जमवा : दोन पाने, टेफ्लॉन टेप, नवा बॉल व्हॉल्व्ह, नवी नळी, तारेचा छोटा ब्रश, धारदार कटर, बादली, जुनं फडकं आणि टॉर्च. मग क्रमानं चला.

सगळ्यात आधी फ्रीजचा प्लग काढा. ओल्या फरशीवर उभं राहून वीज चालू ठेवून हे काम करू नये. फ्रीज सरळ पुढं ओढा, जुनी नळी ताणली जाणार नाही इतकाच.

मग मेन कॉक बंद करा. इथंच काम अडतं. एक संवाद मी इतक्या घरांत ऐकला आहे की तो पाठ झाला आहे. प्लंबर विचारतो, “काकू, मेन कॉक कुठंय?” आणि काकू सांगतात, “अरे बाबा, ते ह्यांनाच माहिती. ते रानात गेलेत.” मग फोन, मग गच्चीवर फेरी, मग तीन व्हॉल्व्हपैकी कुठला ते शोधणं. पाणी उडत असताना ही दहा मिनिटं फार लांब वाटतात.

मेन बंद केल्यावर घरातला सगळ्यात खालचा नळ सोडून ठेवा. पाइपात उरलेलं पाणी निघून जाईल. धार थांबली नाही तर समजा की मेनचा व्हॉल्व्हच नीट बसत नाही. अशा वेळी पुढचं काम टाकी रिकामी करूनच करावं.

जुना अँगल कॉक काढताना दोन पाने वापरा. एका पान्यानं भिंतीतला पितळी एल्बो धरायचा, दुसऱ्यानं कॉक सोडवायचा. एकाच पान्यानं झटका दिला तर जोर भिंतीतल्या जोडावर जातो, तिथं तडा जातो आणि शंभर रुपयांच्या कामासाठी फरशी फोडायची वेळ येते. जुनी जीआयची, म्हणजे लोखंडी पाइपाची, लाइन असेल तर आटे गंजलेले असतात. तिथं जास्त सबुरी हवी आणि घरातल्या माणसानं स्वतः हात घालण्याऐवजी जाणत्या प्लंबरलाच बोलवावं.

कॉक निघाला की आतले आटे ब्रशनं घासून जुना टेप आणि क्षार काढा. नव्या व्हॉल्व्हच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. आट्यांचं तोंड आपल्याकडं धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं आठ-दहा वेढे, ताणून. उलट गुंडाळला तर व्हॉल्व्ह बसवताना टेप उलगडत जातो. व्हॉल्व्ह आधी हातानं बसेल तितका बसवा, मग पान्यानं अर्धं ते एक वळण द्या. त्यापुढं आवळलं तर सांधा जास्त घट्ट होत नाही, तो फुटतो.

आता घाई करून नळी जोडू नका. व्हॉल्व्हखाली बादली धरा, मेन सोडा आणि नवा व्हॉल्व्ह उघडून दोन-तीन लिटर पाणी वाहू द्या. पाइपात सुटलेली माती, टेपचे तुकडे, क्षारांची खपली बादलीत येते. हीच खपली सोलेनॉइडच्या दरवाज्यात अडकली तर नव्या फ्रीजमधूनही पाणी गळत राहतं. ठिबकवाला लॅटरल जोडण्याआधी सबमेन वाहवतो, तेच हे काम.

प्लास्टिकची नळी असेल तर तिचं टोक कटरनं सरळ, काटकोनात कापा. कात्रीनं नळी चेपते आणि टोक तिरकं होतं. टोकापासून दीड सेंटिमीटरवर पेननं खूण करा. दाबून बसवायच्या कनेक्टरमध्ये नळी घालताना हाताला दोन टप्पे जाणवतात. पहिल्या टप्प्याला आतले बारीक स्टीलचे दात नळी पकडतात. तिथं बसली असं वाटतं, पण बसलेली नसते. आणखी जोर दिला की ती रबरी कड्यातून पुढं जाऊन तळाला टेकते आणि पेनाची खूण कनेक्टरच्या तोंडाशी येते. खूण बाहेर दिसत असेल तर नळी अर्धवट आहे. मग नळी मागं ओढून बघा, ती हलता कामा नये. कनेक्टरला क्लिप असेल तर ती लावा.

जाळीच्या नळीला दोन्ही टोकांना नट असतात आणि आत रबरी वायसर. तिथं टेप लागत नाही. सांधा वायसरवर बसतो, आट्यांवर नाही. हातानं आवळून पान्यानं पाव वळण पुरे.

फ्रीजमागं दोन-अडीच मीटर नळी जास्तीची ठेवा आणि ती मोठ्या वेटोळ्यात सोडा, म्हणजे साफसफाईला फ्रीज पुढं ओढता येतो. वेटोळं तीव्र मोडू नये, फ्रीजच्या पायाखाली येऊ नये आणि तापणाऱ्या कॉम्प्रेसरला टेकू नये.

उघडताना सावकाश

आता व्हॉल्व्ह उघडायचा, पण एकदम नाही.  वाफेच्या इंजिनांच्या काळात दौंडसारख्या जंक्शनवर इंजिनाला पाणी भरण्यासाठी जाड पाइपाचे वॉटर कॉलम उभे असत. इतक्या मोठ्या पाण्याचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर धावतं पाणी एकदम अडतं आणि त्याचा धक्का हातोड्यासारखा पाइपावर बसतो. दोन सुती नळीतही तेच होतं, फक्त लहान प्रमाणात. फ्रीजनं पाणी घेणं थांबवलं की भिंतीत ‘टक’ असा आवाज येतो तो याच धक्क्याचा. आवाज मोठा असेल तर नळी सैल लटकते आहे किंवा दाब जास्त आहे असं समजावं. नळी क्लिपांनी भिंतीला बांधली की आवाज बराच कमी होतो.

झटक्यात उघडला तरी असाच धक्का बसू शकतो, म्हणून व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवा. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर लगेच दिसतो. मग फ्रीजखाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. सकाळी डाग नसेल तर काम झालं.

नव्या नळीतलं आणि फिल्टरमधलं पहिलं आठ-दहा लिटर पाणी पिऊ नका. ते कुंड्यांना, तुळशीला घाला. पहिल्या दिवसाचा बर्फही टाकून द्या. फिल्टर नवा असेल तर पहिल्या पाण्यात काळी बारीक पूड येते, ती कार्बनची असते आणि पाणी वाहिलं की थांबते.

नळीची पाळी

रानात पाळीचं वेळापत्रक असतं, तसं या नळीचंही असावं. महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह बंद करून परत उघडायचा, म्हणजे तो क्षारांनी धरत नाही. सहा महिन्यांनी फ्रीज ओढून टॉर्चनं नळी टोकापासून टोकापर्यंत बघायची. सांध्याशी पांढरी किंवा हिरवी खपली दिसली तर तिथून पाणी पाझरून सुकलेलं असतं. तो सांधा गळत नाही असं समजू नये. प्लास्टिकची नळी पिवळी पडली, कडक झाली किंवा वळणाशी पांढुरकी दिसली की ती बदलायची. नाही दिसलं तरी पाच वर्षांनी बदलायची आणि नळीबरोबर व्हॉल्व्हही तपासायचा. नवी नळी जुन्या अडकलेल्या व्हॉल्व्हवर बसवली तर अर्धंच काम होतं, कारण पुढच्या वेळी नळी फुटली की पाणी अडवायला काहीच नसतं.

गावी जत्रेला किंवा लग्नाला दोन दिवस जाताना गॅसचा रेग्युलेटर बंद करण्याची सवय आपल्या घरांना लागली आहे. त्याच हातानं फ्रीजचा आणि आरओचा व्हॉल्व्हही बंद करावा.

हे प्रकरण वाचून झालं की एक काम आजच करा. घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांना आणि शाळकरी पोरांनाही, बरोबर घेऊन गच्चीवर जा आणि मेन कॉक कुठला ते दाखवा. मग खाली येऊन फ्रीजमागचा किंवा आरओखालचा व्हॉल्व्ह प्रत्येकाच्या हातानं एकदा बंद करून उघडून घ्या. दोन्ही व्हॉल्व्हना पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : पाणी इथं बंद होतं.

नळी फुटते त्या दिवशी प्लंबर यायला वेळ लागतो. व्हॉल्व्ह बंद करायला पाच सेकंद लागतात.